व्याघ्र प्रकल्पांचं मूल्यमापन: पार्श्वभूमी

पंजाच्या ठशांवरून वाघ मोजण्याची रीत 1930च्या दशकात आताच्या झारखंडमधल्या पलामूच्या जंगलात सुरू झाली. 1972च्या देशव्यापी मोजणीतून 1827 हा आकडा आला तोही ठशांवरूनच. धुळीतल्या ठशावर काच धरायची, तिच्यावर पेनाने कड उतरवायची, कुठे प्लास्टर ओतून साचा घ्यायचा. वनरक्षकांच्या हातात हे काम मुरलेलं होतं. पण एकाच वाघाचा ठसा ओल्या मातीत वेगळा उमटतो, कोरड्या धुळीत वेगळा. 2005 साली राजस्थानातल्या सरिस्का प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं. सरकारी मोजणीत तोवर तिथे वाघ होते.

2006 पासून देशव्यापी मोजणीत कॅमेरे आले. वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात आणि डावी-उजवी बाजूही सारखी नसते, म्हणून वाटेच्या दोन्ही कडांना समोरासमोर कॅमेरे बांधतात. त्यातून 1411 हा आकडा आला आणि घोळ सुरू झाला. 2001-02च्या ठसेमोजणीत 3642 वाघ होते, तेव्हा निम्म्याहून जास्त गेले, अशी ओरड झाली. खरं तर दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशेजारी ठेवायलाच नको होते. शिवाय 1411 ही ‘गणना’ नव्हती. तो अंदाज होता, 1165 ते 1657च्या मधला, आणि सुंदरबन त्यात नव्हतं. आपल्याकडे आजही सर्रास ‘व्याघ्रगणना’च म्हणतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारी जनावरं टिपतात त्यालाही गणनाच. एका शब्दात इतकं कोंबल्यावर आकड्याचा अर्थ लावायचा कसा?

व्यवस्थापनाचं मूल्यमापनही 2006 मध्येच सुरू झालं, पहिल्या फेरीत 28 प्रकल्पांचं. बाहेरचे तज्ज्ञ येतात आणि वनरक्षकांची पदं भरली आहेत का, निधी वेळेवर पोचतो का, गावांचं पुनर्वसन कुठवर आलं, हे विचारून गुण देतात. माझ्या मते जंगलाची प्रकृती इथे जास्त कळते. 2010 मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री प्रकल्पाचंच बघा. कोयना आणि चांदोलीचं दाट रान, शिवसागराचं पाणी, गवे आहेत, पण वाघ नावापुरते. नुसत्या आकड्यावर तो सदैव तळाला राहणार.

2022च्या फेरीत 51 प्रकल्प तपासले गेले. मथळे मात्र 3682 वाघांचे झाले आणि तो आकडाही 3167 ते 3925च्या मधला अंदाजच होता.