पेपर आहे म्हणून रेडिओ मिळत नाही

जळगाव-धुळ्यात चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येतं: “पेपरवाल्या घराण्याला रेडिओ आपोआप मिळतो, एक टॉवर ठोकला की झालं!” तसं नाही. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितलं. खासगी एफएमची फ्रिक्वेन्सी केंद्र सरकार शहरवार लिलावात देतं, 2011 च्या धोरणानुसार 15 वर्षांसाठी. पेपरचा खप तिथे मोजला जात नाही.

घराणी वाढली, हे खरं. ‘दैनिक भास्कर’ काढणाऱ्या, भोपाळच्या अग्रवाल कुटुंबाच्या डीबी कॉर्पने 2006 मध्ये रेडिओत पाऊल टाकलं. पण अशा कंपन्यांना वाढू दिलं ते शुल्काच्या हिशोबाने. आधी ठरलेलं शुल्क दरवर्षी 15 टक्क्यांनी चढायचं, जाहिरात मिळो न मिळो. त्यात कित्येक केंद्रं बुडाली. 2005 नंतर उत्पन्नातला वाटा आला, सर्वसाधारण 4 टक्के. केळी-कापसाच्या हंगामावर जाहिराती हलणाऱ्या आपल्यासारख्या शहरांत हाच फरक मोठा.

आणि “मालकच बातम्या दाबतात” म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं: खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, एवढंच.