गोचीड कुत्र्यावर थोडे, भिंतीत फार

कुत्र्याच्या कानात वाटाण्याएवढा, करडा, टम्म फुगलेला गोचीड दिसला की ती मादी समजावी. आठवडाभर रक्त पिऊन ती गळून पडते, भिंतीच्या भेगेत, बाजेच्या सांध्यात नाहीतर कवेलूंच्या खाली शिरते आणि तिथे एकदाच हजार-दोन हजार, कधी चार हजारांपर्यंत अंडी घालून मरते. अंड्यातून सहा पायांचं, मोहरीहून बारीक पिल्लू निघतं. ते कुत्र्यावर चढतं, पितं, उतरतं, भेगेत कात टाकतं आणि आठ पायांचं होतं. मग पुन्हा एकदा तेच. म्हणजे तीनदा अंगावर आणि तीनदा भिंतीत.

गुरांवरच्या नेहमीच्या गोचिडाचं तसं नाही. तो पिल्लापासून मोठा होईस्तोवर एकाच जनावरावर राहतो. म्हणून बैलाला औषध लावलं की बराच फरक पडतो, पण कुत्रा धुऊन काढला तरी पंधरा दिवसांत पुन्हा भरतो. त्याची जागाही फवारावी लागते: जमिनीपासून छतापर्यंत, कारण हा गोचीड वर चढतो. भेगा बुजवाव्यात. अंड्यांवर औषध फारसं चालत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारायचं, असं तीन-चार महिने.

कपाशीवरचं उरलेलं औषध मात्र कुत्र्यावर ओतू नये. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस कातडीतून आत जातं. लाळ गळते, अंग थरथरतं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास अडकतो. जनावरांच्या डॉक्टरांकडून कुत्र्याच्या वजनाप्रमाणे गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध घ्यावं.

अंगाला चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. रॉकेल, बिडीचा चटका नको. नखाने चिरडूही नये; साबणाच्या दाट पाण्यात टाकावा.

त्याच्यामुळे होणारा कुत्र्यांमधला मोठा आजार एर्लिकिओसिस. ताप, खाणं बंद, पोटावर लाल ठिपके, कधी नाकातून रक्त. याला डॉक्सिसायक्लिन हे जंतू मारणारं औषध साधारण 28 दिवस द्यावं लागतं. दोन-तीन दिवसांत कुत्रा पोळी खायला लागतो आणि गोळ्या तिथेच थांबतात. घोळ होतो तो इथेच! जंतू शरीरात उरतात, महिन्यांनी आजार उलटतो आणि अस्थिमज्जा (हाडांतला मगज) रक्त बनवणं थांबवते तेव्हा हाती काही राहत नाही. हिरड्या पांढऱ्या, लघवी चहासारखी झाली तर बबेसिया, म्हणजे रक्तातला परजीवी, असू शकतो. त्याचं औषध वेगळं, म्हणून आधी रक्त तपासून घ्यावं. गुरांचं बबेसियाचं इंजेक्शन कुत्र्याला अंदाजाने टोचणं जिवावर बेततं.

मांजर अंग चाटून साफ ठेवतं, त्यामुळे तिच्यावर गोचीड कमी. पण कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं औषध तिला लावलं तर झटके येऊन ती मरू शकते. ओल्या औषधाच्या कुत्र्याला बिलगून झोपली तरी तेच.

हाच गोचीड माणसालाही टिक टायफसचा ताप देतो. तापासोबत तळहात-तळपायांवर पुरळ आलं, तर दवाखान्यात कुत्र्याच्या गोचिडांचंही सांगावं.