ई-मेलमधील फॉन्ट-नियंत्रण

ई-मेलचा मजकूर प्राप्तकर्त्याच्या पडद्यावर कोणत्या फॉन्टमध्ये व किती आकारात दिसावा, हे पाठवणाऱ्याच्या बाजूने ठरवण्याच्या पद्धती आणि त्या पद्धतींच्या मर्यादा यांचा विचार या नोंदीत केला आहे. ई-मेलबरोबर सहसा फॉन्ट जात नाही, त्याचे केवळ नाव जाते. त्या नावाचा फॉन्ट प्राप्तकर्त्याच्या संगणकावर वा फोनवर असेल आणि तेथील ई-मेल अॅप ते नाव मानत असेल, तरच मजकूर अपेक्षेप्रमाणे उमटतो. पाठवणाऱ्याच्या हाती असते ती सूचना देण्याची सोय. तिची अंमलबजावणी सर्वस्वी पलीकडच्या बाजूला होते.

उगम

१९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ८२२ या मानकात (आरएफसी ही इंटरनेटच्या मानकांची क्रमांकित दस्तऐवजमाला) ई-मेलचा मजकूर म्हणजे ७-बिट आस्की वर्णांच्या, अर्थात साध्या रोमन अक्षरे, अंक व चिन्हांच्या ओळी, एवढेच गृहीत धरले होते. फॉन्ट ही संकल्पनाच त्यात नव्हती; मजकूर ज्या टर्मिनलवर वाचला जाई त्याच्या अक्षरांत तो दिसे.

फॉन्टसह ई-मेलचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकवाक्यता नाही. एका मतानुसार हा मान कार्नेगी मेलन विद्यापीठ व आयबीएम यांच्या सहकार्यातून १९८०च्या दशकात उभ्या राहिलेल्या ‘अँड्र्यू’ प्रकल्पाच्या संदेशप्रणालीला द्यावा लागेल, कारण ठळक-तिरप्या अक्षरांचे, चित्रांसह संदेश तिच्यात वापरात होते. दुसरे मत नेक्स्ट कंपनीच्या संगणकांवरील ‘नेक्स्टमेल’कडे बोट दाखवते, ते १९८९च्या सुमारास वापरात आले आणि आजच्या ‘अॅपल मेल’चे मूळ त्यात आहे. मात्र या दोन्ही सोयी ज्याच्या त्याच्या परिघापुरत्याच चालत. नेक्स्टमेलचा संदेश दुसऱ्या प्रणालीवर पोहोचला, तर वाचणाऱ्यापुढे यूयूएनकोड केलेल्या, म्हणजे साध्या अक्षरांत रूपांतरित केलेल्या, संचिकेची अगम्य अक्षरमाला येत असे. पाठवणारा आणि वाचणारा यांची यंत्रे वेगळी असतानाही अक्षररूपाची माहिती पोहोचवणे हाच या विषयाचा गाभा मानला, तर आरंभ जून १९९२ मधील आरएफसी १३४१ पासून, म्हणजे ई-मेलमध्ये निरनिराळ्या प्रकारचा मजकूर पाठवण्याची रीत ठरवणाऱ्या ‘माइम’ मानकापासून, धरणे अधिक सयुक्तिक ठरते. त्याच्या दोन लेखकांपैकी नॅथॅनियल बोरेनस्टाइन हे पूर्वी अँड्र्यूच्या संदेशप्रणालीवरच काम करत होते, त्यामुळे पहिले मतही पूर्णपणे बाजूला सारता येत नाही. दुसरे लेखक नेड फ्रीड.

माइमच्या पहिल्या आवृत्तीत ‘टेक्स्ट/रिचटेक्स्ट’ नावाचा साधा प्रकार होता. ठळक, तिरपे, अधोरेखित, लहान, मोठे, समान रुंदीचे अशा आज्ञा त्यात होत्या. विशिष्ट फॉन्टचे नाव देण्याची सोय नव्हती. ती सोय त्याच्या वारसदारात, ‘टेक्स्ट/एनरिच्ड’च्या फेब्रुवारी १९९६ मधील आरएफसी १८९६ या आवृत्तीत आली. हा दस्तऐवज आज फारसा कोणी उघडत नाही, पण त्यातील एक खुलासा महत्त्वाचा आहे. फॉन्ट-कुलाची आज्ञा केवळ सल्लावजा आहे, संगणकांची फॉन्टविषयक क्षमता अतिशय भिन्न असल्याने इतर प्रणाली ती पाळतीलच असे समजू नये, असे तेथे बजावले आहे. पुढे तंत्र बदलले, तरी ही मूळ स्थिती बदलली नाही.

एनरिच्ड प्रकार रुजला नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेच्या २.० आवृत्तीचे मानक आरएफसी १८६६ म्हणून प्रसिद्ध झाले आणि १९९७च्या सुमारास नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट यांच्या ई-मेल प्रोग्रॅममध्ये एचटीएमएल संदेश लिहिण्याची सोय सर्रास मिळू लागली. फॉन्टचे नाव देण्यासाठी प्रथम ‘फॉन्ट’ टॅगचा ‘फेस’ हा गुणधर्म वापरला जाई. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० मध्ये तो समाविष्ट झाला, पण त्याच वेळी त्याज्यही ठरवला गेला. त्याची जागा डिसेंबर १९९६ मध्ये मानक झालेल्या सीएसएस या, वेबपानांचे रूप ठरवणाऱ्या भाषेच्या ‘फॉन्ट-फॅमिली’ने घेतली.

फॉन्टनावांची उतरंड

सीएसएसमध्ये एकच नाव न देता पसंतीच्या क्रमाने अनेक नावे देता येतात आणि शेवटी सेरिफ (टोकांना बारीक रेघा असलेली अक्षरे), सॅन्स-सेरिफ (तशा रेघा नसलेली), मोनोस्पेस (समान रुंदीची) यांसारखे सर्वसाधारण कुल लिहिले जाते. ‘एरियल, हेल्व्हेटिका, सॅन्स-सेरिफ’ ही उतरंड सर्वपरिचित आहे. एरियल नसेल तर हेल्व्हेटिका, तेही नसेल तर त्या प्रणालीचा कोणताही सॅन्स-सेरिफ फॉन्ट, असा तिचा अर्थ. ‘सुरक्षित’ समजल्या जाणाऱ्या नावांची यादी बव्हंशी मायक्रोसॉफ्टच्या १९९६ ते २००२ या काळात चाललेल्या वेब-फॉन्ट उपक्रमातून आली आहे. एरियल, टाइम्स न्यू रोमन, कुरियर न्यू, जॉर्जिया, व्हर्डाना व ट्रेबुशे हे फॉन्ट त्यातून विनामूल्य सर्वदूर गेले. अँड्रॉइडवर ही सुरक्षितता नावापुरतीच उरते, कारण तेथे एरियल, हेल्व्हेटिका, टाहोमा व व्हर्डाना ही सगळी नावे प्रणालीच्या एकाच सॅन्स-सेरिफ फॉन्टकडे वळवलेली असतात.

नाव दिलेच नाही तर काय होते, हे पाहणे अधिक उद्‌बोधक आहे. जीमेलच्या वेब आवृत्तीत फॉन्ट न बदलता लिहिलेल्या मजकुराला सहसा कोणतेच फॉन्टनाव जोडले जात नाही. लिहिणाऱ्याला दिसणारे एरियल हे त्या पानाचे असते, संदेशाचे नव्हे. तोच संदेश विंडोजवरील जुन्या आउटलुकमध्ये उघडला की टाइम्स न्यू रोमनमध्ये दिसू शकतो. पाठवणाऱ्याने काही बदलले नाही, मार्गातही काही बिघडले नाही, तरी अक्षर बदलले, या नेहमीच्या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते. संपूर्ण मजकुराला जाणीवपूर्वक फॉन्ट लावल्यास नाव संदेशात लिहिले जाते.

आउटलुकच्या २००७ च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने एचटीएमएल संदेश दाखवण्याचे काम इंटरनेट एक्सप्लोररच्या इंजिनाकडून काढून वर्डकडे दिले. या निर्णयाचे परिणाम दीर्घकाळ टिकले. उतरंडीतील पहिले नाव यंत्रावर नसलेल्या वेब-फॉन्टचे असेल, तर वर्डचे इंजिन पुढची नावे न पाहता अनेकदा थेट टाइम्स न्यू रोमन वापरते. त्यावर उपाय म्हणून केवळ आउटलुकलाच वाचता येतील अशा सशर्त टिप्पण्यांमध्ये वेगळा फॉन्ट लिहिण्याची प्रथा पडली. मानकाच्या दृष्टीने ही पद्धत कुरूप असली, तरी तिच्याइतका भरवशाचा दुसरा मार्ग सापडलेला नाही. वेब तंत्रावर उभारलेल्या नव्या आउटलुकमध्ये वर्डचे हे इंजिन नाही.

मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅममध्ये न निवडता आपोआप लागणारे फॉन्टही बदलत गेले. २००७ पासून कॅलिब्री होता. २०२३ मध्ये त्याची जागा अॅप्टॉसने घेतली. पूर्वी बियरस्टाट या नावाने ओळखला जाणारा हा फॉन्ट जुन्या ऑफिसमध्ये किंवा इतर कंपन्यांच्या यंत्रांवर सहसा नसतो, त्यामुळे अॅप्टॉसमध्ये लिहिलेला संदेश तेथे दुसऱ्या अक्षरांत उमटतो. कॅलिब्रीसाठी त्याच मापांचा कार्लिटो आणि एरियलसाठी लिबरेशन सॅन्स असे मुक्त फॉन्ट आहेत. ते पर्यायी म्हणून लागले तर निदान ओळी जागच्या जागी तुटतात.

वेब-फॉन्ट

फॉन्टची संचिका दूरच्या सर्व्हरवरून आणवण्याची सोय सीएसएसमध्ये आहे. अॅपल मेल ती मानते. जीमेल व विंडोजवरील जुने आउटलुक मानत नाहीत. संचिका संदेशातच कोंबण्याचे प्रयोगही होतात, पण त्याने संदेश फुगतो, आणि सुमारे १०२ किलोबाइटपुढचा एचटीएमएल मजकूर जीमेल कापून टाकते. दूरून फॉन्ट आणवण्यात गोपनीयतेचाही प्रश्न आहे, कारण संदेश उघडताच वाचणाऱ्याचा आयपी पत्ता फॉन्टच्या सर्व्हरला कळतो. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट आणवणाऱ्या एका संकेतस्थळाच्या चालकाला याच कारणावरून १०० युरो भरपाई द्यायला लावली. तो निकाल ई-मेलविषयी नव्हता, परंतु तत्त्व येथेही लागू पडावे असे दिसते.

फॉन्टमध्येच अर्थ असेल तेव्हा

बहुतेक वेळा फॉन्ट बदलल्याने केवळ रूप बिघडते. जेथे अर्थच फॉन्टवर अवलंबून असतो, तेथे हानी मोठी होते. आउटलुकच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये विसर्गचिन्हासारखे दोन टिंब व कंस टाइप केल्यास हसरा चेहरा दिसतो. प्रत्यक्षात तेथे विंगडिंग्ज फॉन्टमधले रोमन ‘जे’ हे अक्षर लिहिलेले असते, कारण त्या फॉन्टमध्ये त्या जागी चेहऱ्याचे चित्र आहे. प्राप्तकर्त्याकडे विंगडिंग्ज नसेल किंवा त्याचे अॅप फॉन्टनावे टाळत असेल, तर वाक्याच्या शेवटी एक एकटे ‘जे’ उरते आणि वाचणारा बुचकळ्यात पडतो.

युनिकोडपूर्वीच्या देवनागरी फॉन्टची स्थिती हीच, पण संपूर्ण मजकुरापुरती होती. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असल्याने तोच फॉन्ट नसलेल्या यंत्रावर सारा मजकूर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक ढीग होऊन पोहोचे. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या जागा मिळाल्यावर वर्णाची ओळख फॉन्टपासून सुटली. आता फॉन्ट चुकला तरी मजकूर वाचता येतो, ही या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाची सुधारणा म्हणावी लागेल.

देवनागरी मजकुराला एरियल हे नाव दिल्याने मात्र काही साधत नाही, कारण एरियलमध्ये देवनागरी अक्षरेच नाहीत. तेव्हा प्रणाली आपल्याकडचा फॉन्ट निवडते, आणि तो विंडोजवर मंगल किंवा निर्मला, अॅपलच्या उपकरणांवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो सॅन्स असू शकतो. त्यांची उंची व जाडी सारखी नसल्याने एकाच ओळीतील रोमन व देवनागरी अक्षरे विजोड दिसतात. शिवाय वर्ड अशा लिप्यांसाठी फॉन्टची वेगळी नोंद ठेवते, त्यामुळे तेथे तयार केलेल्या संदेशात रोमन भागाचा फॉन्ट बदलूनही देवनागरी भाग तसाच राहतो.

प्राप्तकर्त्याची बाजू

थंडरबर्ड या ई-मेल प्रोग्रॅममध्ये संदेशांना त्यांचे स्वतःचे फॉन्ट वापरू देण्याची मुभा काढून घेता येते, तसेच एचटीएमएल बाजूला ठेवून साधा मजकूरच वाचता येतो. आउटलुकमध्येही सर्व संदेश साध्या मजकुरात वाचण्याचा पर्याय आहे. दृष्टी अधू असलेल्या वाचकांसाठी या सोयी आवश्यक आहेत आणि पाठवणाऱ्याच्या पसंतीपेक्षा त्यांना वरचे स्थान असणे योग्यच आहे. माइममध्ये एकाच संदेशाची साधी व एचटीएमएल अशी दोन रूपे एकत्र पाठवण्याची तरतूद आहे. साध्या रूपात पाठवणाऱ्याचे काहीच चालत नाही. जागा सोडून जुळवलेले तक्ते जीमेलमध्ये विस्कटतात, कारण तेथे साधा मजकूरही असमान रुंदीच्या अक्षरांत दाखवला जातो.

रूप तंतोतंत राखायचे असेल तर मजकूर चित्ररूपात देणे किंवा फॉन्ट समाविष्ट केलेली पीडीएफ संचिका जोडणे हे दोन मार्ग उरतात. चित्रातील मजकूर शोधता येत नाही, पडदावाचकाला ऐकवता येत नाही आणि चित्रे रोखलेली असल्यास दिसतही नाही. पीडीएफमध्ये या अडचणी पुष्कळ कमी असतात, मात्र ती लहान पडद्यावर मजकूर नव्याने रचत नाही.