सिंग्युलॅरिटी (व्हिडिओ गेम)

सिंग्युलॅरिटी हा कालप्रवासाच्या कल्पनेवर उभारलेला फर्स्ट-पर्सन शूटर प्रकारातील, म्हणजे पात्राच्या नजरेतून दिसणाऱ्या जगात गोळीबार करत खेळायचा व्हिडिओ गेम आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या रेव्हन सॉफ्टवेअर या स्टुडिओने तो अनरिअल इंजिन ३ ही गेम बनवण्याची तयार प्रणाली वापरून तयार केला आणि ॲक्टिव्हिजनने जून २०१० मध्ये विंडोज, प्लेस्टेशन ३ व एक्सबॉक्स ३६० यांसाठी प्रकाशित केला. १९९०च्या दशकात हेरेटिक आणि हेक्सेन या गेममुळे नावारूपाला आलेल्या रेव्हनची बंदुकांवरची पकड येथेही जाणवते. मात्र या गेमची खरी ओळख बंदुकांपेक्षा, खेळाडूच्या डाव्या हातावर बसवलेल्या आणि वस्तूंचे वय बदलणाऱ्या एका यंत्रामुळे झाली.

कथानक रशियाच्या पूर्व टोकाजवळच्या काटोर्गा-१२ या काल्पनिक बेटावर घडते. झारच्या काळात कैद्यांकडून करून घेतल्या जाणाऱ्या सक्तमजुरीला रशियन भाषेत ‘काटोर्गा’ म्हणत, आणि बेटावरच्या विद्रूप प्राण्यांना दिलेले ‘झेक’ हे नाव सोव्हिएत छावण्यांतील कैद्यांसाठी रूढ असलेल्या बोलीतल्या शब्दावरून आले आहे. नावांमागचा हा इतिहास ठाऊक असला, की पडक्या वसतिगृहांतून आणि शाळेच्या ओसाड वर्गांतून फिरताना वातावरण अधिकच जड होते. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत शास्त्रज्ञ येथे ‘ई-९९’ या द्रव्यावर प्रयोग करत होते आणि १९५५ मध्ये मोठा अपघात होऊन बेट उजाड झाले, अशी कल्पना आहे. वास्तवात ९९ हा अणुक्रमांक आइन्स्टाइनियमचा असून, १९५२च्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीनंतरच्या अवशेषांत ते मूलद्रव्य प्रथम सापडले. काळाशी खेळणाऱ्या काल्पनिक द्रव्याला सापेक्षतावाद मांडणाऱ्या शास्त्रज्ञाच्या मूलद्रव्याचा क्रमांक मिळावा, हे फार समर्पक आहे.

२०१० मध्ये हेलिकॉप्टर कोसळून बेटावर अडकलेला अमेरिकी सैनिक नेथॅनिएल रेन्को अचानक १९५५ मध्ये ओढला जातो आणि आगीत सापडलेल्या एका माणसाचे प्राण वाचवतो. वर्तमानात परतल्यावर मघाशी जेथे स्टालिनचा भव्य पुतळा होता, तेथे त्याच वाचवलेल्या माणसाचा, म्हणजे निकोलाय डेमिचेव्हचा पुतळा उभा दिसतो. इतिहास बदलला हे कोणत्याही संवादाशिवाय, केवळ एका पुतळ्यातून खेळाडूला उमगते. कालप्रवासाच्या कथांमध्ये स्पष्टीकरणांचे ओझे किती असते हे लक्षात घेतले, तर या प्रसंगाची मितभाषी मांडणी विशेष दाद देण्याजोगी आहे.

टीएमडी (टाइम मॅनिप्युलेशन डिव्हाइस) या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे हे हातावरचे यंत्र शास्त्रज्ञ व्हिक्टर बारिसोव्हने बनवलेले असते. त्याच्या साहाय्याने गंजून कोसळलेला जिना पुन्हा नवा करता येतो, भक्कम वस्तू क्षणात जीर्ण करता येते, समोरच्या सैनिकाचे वय इतके वाढवता येते की त्याची हाडेच उरतात, आणि एक गोलाकार क्षेत्र फेकून त्यातील गोळ्या व शत्रू जवळजवळ थिजवता येतात. अर्धवट उघडलेल्या शटरखाली चेपलेला खोका सरकवावा आणि मग त्याला पूर्ववत करून शटर वर उचलावे, यांसारखी कोडी साधी असली तरी ती सोडवताना हातात खरोखर काळ आल्यासारखे वाटते. गेमचा कळस म्हणावा असा भाग बुडालेल्या जहाजाचा आहे. टीएमडीच्या बळावर ते पाण्याबाहेर काढून नवे केले जाते, पण खेळाडू आत असतानाच त्याचा नवेपणा ओसरू लागतो आणि भिंती डोळ्यांदेखत गंजत जातात. येथे काळ हा केवळ देखावा राहत नाही, तो पाठलाग करू लागतो.

याच ठिकाणी गेमची सर्वांत मोठी उणीवही उघडी पडते. टीएमडी सर्व वस्तूंवर चालत नाही, निर्मात्यांनी आधीच ठरवून ठेवलेल्या मोजक्या वस्तूंवरच चालते. शेजारी उभ्या असलेल्या दोन खोक्यांपैकी एक जीर्ण होतो आणि दुसऱ्यावर काहीच परिणाम होत नाही, तेव्हा यंत्राचा नियम शोधण्याऐवजी खेळाडू निर्मात्याची खूण शोधू लागतो. एकाच कोड्याची थोड्या फरकाने पुनरावृत्ती होते, आणि एका काळातून दुसऱ्या काळात जाणेही खेळाडूच्या इच्छेने नव्हे, तर कथेने नेमलेल्या दारांतूनच होते. आखलेल्या एकाच वाटेने पुढे नेणाऱ्या रचनेत हे अपरिहार्य होते असे म्हणता येईल, परंतु यंत्राची कल्पना इतकी समृद्ध आहे की तिला एवढे अरुंद अंगण मिळाल्याची खंत वाटते. भिंतींवरचे इशारे, ध्वनिफितींतून कळणाऱ्या मृतांच्या कहाण्या आणि क्षमता वाढवण्याची केंद्रे यांवर बायोशॉक या आधीच्या शूटर गेमची छाप उघड आहे, तर वस्तू हवेत धरून फेकण्याची सोय हाफ-लाइफ २ या तशाच गेमची आठवण करून देते.

शस्त्रांच्या बाबतीत मात्र गेम उदार आहे. सीकर या बंदुकीची गोळी सुटल्यावर वेळ मंदावतो आणि खेळाडू ती कोपऱ्यावरून वळवून लक्ष्यापर्यंत नेऊ शकतो. जवळच्या शत्रूवर टीएमडीचा धक्का मारायचा की दूरच्या शत्रूभोवती मंद काळाचे क्षेत्र टाकून त्यात गोळ्या साठवायच्या, असे निर्णय चकमकींना रंगत आणतात. उत्तरार्धात टीएमडी पुरेसे बलवान झाले की अडचण वेगळीच उद्भवते, कारण सामान्य सैनिकांपासून फारसा धोका उरत नाही. सैनिक आणि विद्रूप प्राणी यांच्यातील मल्टिप्लेअर (अनेकांनी एकत्र खेळायच्या) विभागात दोन्ही बाजूंच्या क्षमता वेगळ्या ठेवण्याचा विचार चांगला होता, तरी गेमची ओळख एकट्याने खेळण्याच्या भागावरच टिकून राहिली. त्यानंतर रेव्हनचा भर मुख्यतः कॉल ऑफ ड्यूटी या युद्धावरच्या शूटर गेमच्या मालिकेच्या कामावर राहिला आणि सिंग्युलॅरिटीचा पुढचा भाग आला नाही.

गेमला तीन शेवट आहेत. बारिसोव्हचे म्हणणे असे, की रेन्कोने १९५५ मध्ये परत जाऊन, डेमिचेव्हला वाचवू पाहणाऱ्या स्वतःलाच ठार करावे. हे मानायचे, डेमिचेव्हची साथ धरायची, की दोघांनाही संपवायचे, हा निर्णय शेवटच्या काही मिनिटांत बंदुकीच्या एका गोळीने होतो आणि आधीच्या वागण्याचा त्याच्याशी काही संबंध नसतो, हा रचनेतला दोषच मानावा लागेल. तरीही पहिला पर्याय निवडणाऱ्याला हेलिकॉप्टरमध्ये पुन्हा जाग येते आणि खाली बेटावर पुतळा दिसतो, तेव्हा तो स्टालिनचा नसतो, डेमिचेव्हचाही नसतो. हातात टीएमडी असलेला तो पुतळा बारिसोव्हचा असतो.