होतकरूंच्या बदल्यात नामांकित खेळाडू (बेसबॉल)

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये एखादा संघ आपल्या दुय्यम संघांत तयार होत असलेले किंवा नुकतेच वरच्या पातळीवर आलेले तरुण खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन त्याच्याकडचा कसलेला, नावाजलेला खेळाडू घेतो, त्या व्यवहाराविषयी ही नोंद आहे. अशा तरुणाला तिकडे ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणतात. येथे त्यासाठी ‘होतकरू’ हा शब्द वापरला आहे. होतकरू देऊ करणारा संघ बहुधा त्याच हंगामात अजिंक्यपदाच्या शर्यतीत असतो, तर ते स्वीकारणारा संघ शर्यतीतून बाहेर पडून नव्या संघबांधणीला लागलेला असतो.

या व्यवहाराचा आरंभ कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. डिसेंबर १९०० मध्ये सिनसिनाटी रेड्सने ख्रिस्टी मॅथ्यूसन हा वीस वर्षांचा पिचर (बॅटरकडे चेंडू फेकणारा खेळाडू) न्यूयॉर्क जायंट्सला दिला आणि अमोस रूसी हा गाजलेला वेगवान पिचर घेतला. अनेक लेखक येथूनच सुरुवात करतात. रूसी रेड्सकडून जेमतेम तीन सामने खेळला, तर मॅथ्यूसनच्या नावावर जायंट्सकडून ३७२ विजय जमा झाले. हा विरोधाभास इतका ठसठशीत आहे, की दाखला म्हणून त्याचा मोह आवरत नाही. पण तो तपासून घेतलेला बरा. रूसी १८९९ व १९०० हे दोन्ही हंगाम मैदानाबाहेर होता, तेव्हा व्यवहाराच्या घडीला त्याला प्रस्थापित म्हणणे धाडसाचे आहे. मॅथ्यूसन आधी जायंट्सकडेच सहा सामने खेळून नॉरफोकच्या संघात परतला होता आणि तेथून रेड्सने त्याला अवघ्या १०० डॉलरना उचलले होते. शिवाय रेड्सचे मालक जॉन ब्रश यांनी १९०२ मध्ये जायंट्सच आपल्या ताब्यात घेतला. त्यामुळे हा दोन संघांमधील खरा सौदा होता, की भावी मालकाने एका खिशातले दुसऱ्या खिशात टाकले, अशी शंका घेतली जाते आणि ती निराधार वाटत नाही.

दुसऱ्या मतानुसार आरंभाचे श्रेय सेंट लुइस कार्डिनल्सचे व्यवस्थापक ब्रँच रिकी यांच्याकडे, म्हणजे १९२० च्या आसपास, जाते. तोवर दुय्यम लीगमधील संघ बहुतांशी स्वतंत्र होते आणि आपले खेळाडू रोखीने विकत. बाल्टिमोरच्या अशाच संघाने १९२४ मध्येसुद्धा लेफ्टी ग्रोव्ह या पिचरचे १,००,६०० डॉलर वसूल केले. रिकी यांनी दुय्यम संघच विकत घेऊन किंवा करारबद्ध करून खेळाडूंची शेती उभी केली. या रचनेला पडलेले ‘फार्म सिस्टिम’ हे नाव त्या अर्थाने चपखलच म्हणावे लागेल. बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांचा या पद्धतीला विरोध होता आणि १९३८ मध्ये त्यांनी कार्डिनल्सचे सत्तरहून अधिक खेळाडू करारमुक्तही केले, तरी पद्धत टिकली. देण्याजोगे होतकरू संघांच्या हाती साठले ते यामुळे.

मात्र आजच्या अर्थाने या व्यवहाराची सुरुवात १९७६ पासून धरणे अधिक सयुक्तिक दिसते. त्याआधी करारातील ‘राखीव कलमा’नुसार खेळाडू संघाला कायमचा बांधलेला असे, त्यामुळे तरुण आणि कसलेला यांच्यात फरक उरे तो केवळ वयाचा. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली या पिचरांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षीच्या करारात वरच्या पातळीवरील सहा वर्षांच्या सेवेनंतर खेळाडूला मोकळे होण्याचा हक्क मिळाला. तेव्हापासून सौद्यात खेळाडूबरोबर त्याच्यावरील हक्काची शिल्लक वर्षेही हस्तांतरित होऊ लागली.

या सहा वर्षांपैकी साधारणतः पहिली तीन वर्षे पगार किमान वेतनाच्या आसपास असतो (२०२२ मध्ये किमान वेतन ७ लाख डॉलर होते) आणि नंतरच्या वर्षांत तो लवादापुढे वाढवून मागता येतो. सेवेचे एक वर्ष १७२ दिवसांचे मोजतात आणि हंगाम त्याहून थोडा लांब असतो, या फटीला मोठे मोल आहे. शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला २०१५ च्या हंगामात १७ एप्रिलला मैदानात उतरवले. वर्षअखेर त्याचे १७१ दिवस भरले आणि एका दिवसापायी त्याच्यावरील संघाचा हक्क आणखी एक वर्ष राहिला. याविरुद्धची त्याची तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली. नवोदितांच्या वार्षिक निवडीत (‘ड्राफ्ट’) संघाला मिळणारे निवडीचे क्रमांक, काही अपवाद वगळता, संघांना एकमेकांना देता येत नाहीत, हेही होतकरूंनाच चलनाचे रूप येण्यामागचे एक कारण आहे. असे सौदे जुलैअखेरच्या मुदतीच्या तोंडावर दाटीने होतात. १९८६ पूर्वी ही मुदत १५ जूनला संपत असे.

संदर्भग्रंथांत फसलेल्या सौद्यांची उदाहरणे पुनःपुन्हा येतात. डेट्रॉइट टायगर्सने ऑगस्ट १९८७ मध्ये जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला देऊन डॉइल अलेक्झांडर हा ३६ वर्षांचा पिचर घेतला. बॉस्टन रेड सॉक्सने ऑगस्ट १९९० मध्ये लॅरी अँडरसनसाठी जेफ बॅगवेल ह्यूस्टनला दिला. स्मोल्ट्झ आणि बॅगवेल दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, गेले. परंतु अलेक्झांडरने टायगर्ससाठी ९ सामने जिंकले, एकही हरला नाही आणि संघाने आपल्या विभागात पहिला क्रमांक मिळवला. अँडरसनने बॉस्टनसाठी २२च डाव टाकले, पण तेही उत्तम टाकले आणि बॉस्टननेही विभाग जिंकला. ज्यासाठी सौदा केला ते दोन्ही संघांच्या पदरात पडले होते. शिवाय दिलेला होतकरू चमकला नाही तर तो सौदा कोणाच्या आठवणीत राहत नाही, त्यामुळे या याद्या एकतर्फी असतात.

उलट उदाहरण मिगेल काब्रेराचे आहे. टायगर्सनेच डिसेंबर २००७ मध्ये त्याच्यासह दोघांना घेण्यासाठी फ्लॉरिडा मार्लिन्सला सहा जण दिले. त्यांतील अँड्र्यू मिलर व कॅमेरॉन मेबिन हे त्या वेळी अत्यंत नावाजलेले होतकरू होते, पण फ्लॉरिडाकडे दोघांचाही जम बसला नाही. काब्रेराने २०१२ मध्ये बॅटिंगचा तिहेरी मुकुट (सरासरी, होम रन आणि संघाला मिळवून दिलेल्या धावा या तिन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक) मिळवला, जो १९६७ नंतर कोणालाच मिळाला नव्हता. होतकरू पिचरांच्या बाबतीत तर कोपराच्या दुखापतीची टांगती तलवार कायम असते. बॉस्टनने २०१६ मध्ये ड्र्यू पॉमरँझसाठी सॅन डिएगोला दिलेला अठरा वर्षांचा अँडरसन एस्पिनोझा दोन शस्त्रक्रियांनंतर थेट २०२१ मध्ये अधिकृत सामन्यात परतला.

सौद्याचे मोल ठरवताना एक संप्रदाय प्रत्येक खेळाडूमुळे संघाला किती जादा विजय मिळतील याचा अंदाज काढतो, खुल्या बाजारात तेवढ्या विजयांना पडणाऱ्या किमतीतून त्याचा पगार वजा करतो आणि उरलेली बाकी जुळवतो. या हिशेबात स्वस्त तरुण जवळजवळ नेहमीच वरचढ ठरतात. दुसऱ्या पक्षाचा आक्षेप असा, की मैदानात एका वेळी नऊच जण उतरतात. सहा विजयांचा एक खेळाडू आणि दोन-दोन विजयांचे तिघे यांची बेरीज कागदावर सारखी असली, तरी पहिल्याने दोन जागा मोकळ्या राहतात. अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर असलेल्या संघापुरता तरी हा आक्षेप बिनतोड वाटतो. कब्जने २०१६ मध्ये ग्लेबर टोरेससह चौघांना देऊन अरोल्डिस चॅपमनला घेतले, तो मोसम संपताच मोकळा होणार होता. त्या वर्षी कब्जने १९०८ नंतरचे पहिले अजिंक्यपद मिळवले.

अलीकडचा सर्वांत मोठा सौदा ऑगस्ट २०२२ मधील हुआन सोतोचा. वॉशिंग्टन नॅशनल्सने २३ वर्षांचा सोतो व जॉश बेल सॅन डिएगो पाद्रेसला दिले आणि सी. जे. एब्रम्स, मॅकेंझी गोर, जेम्स वुड यांच्यासह सहा जण घेतले. येथे ‘प्रस्थापित’ खेळाडूच वयाने होतकरूंच्या बरोबरीचा असल्यामुळे या संज्ञांची नेहमीची विभागणी लागू पडत नाही. पाद्रेसने डिसेंबर २०२३ मध्ये सोतोला न्यूयॉर्क यांकीजकडे धाडून मायकेल किंग, ड्र्यू थॉर्प आदींना मिळवले आणि मार्च २०२४ मध्ये थॉर्पला पुढे करून शिकागो व्हाइट सॉक्सकडून पिचर डिलन सीझ आणला. २५ जुलै २०२४ रोजी सीझने प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट (बॅटरला तळ गाठून देणारा फटका) न देता अख्खा सामना टाकला. तो सामना वॉशिंग्टनमध्ये नॅशनल्सविरुद्धच होता आणि त्यांच्या बॅटरांत एब्रम्स होता.