पाय राखणारी आणि पाय जाणारी: दोन्ही हेमिपेल्वेक्टमीच

मुलाच्या कमरेच्या हाडात कर्करोगाची गाठ निघाली आणि डॉक्टरांच्या कागदावर 'हेमिपेल्वेक्टमी' (कमरेचं एका बाजूचं हाड काढण्याची शस्त्रक्रिया) दिसलं, की घरच्यांच्या पोटात गोळा येतो: पाय गेला! आधी पाहायचं ते या शब्दाच्या अलीकडे 'इंटर्नल' लिहिलंय की 'एक्स्टर्नल'. इंटर्नलमध्ये हाडाचा गाठ असलेला भाग काढतात, पाय राहतो. एक्स्टर्नलमध्ये त्या बाजूच्या हाडासोबत अख्खा पाय जातो.

निर्णय नुसत्या आकारावर होत नाही. सायटिक नर्व्ह (कमरेतून पायात उतरणारी मोठी नस), मांडीकडे जाणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्या व त्यांच्यालगतची नर्व्ह, आणि खुब्याचा सांधा या तिघांपैकी दोघांवर पाणी सोडावं लागणार असेल, तर राखलेला पाय फारसा कामाचा उरत नाही, असा सर्जनांचा जुना ठोकताळा आहे.

इंटर्नलमध्येही सोपं-अवघड असतं. एनेकिंग आणि डनहॅम या सर्जनांनी 1978 मध्ये केलेली विभागणी आजही चालते: पी-1 म्हणजे वरचं पसरट हाड, पी-2 खुब्याची वाटी, पी-3 पुढचा-खालचा भाग. पी-3 काढला तर तिथे बहुधा काहीच बसवावं लागत नाही, मूल चांगलं चालतं. खरी कसोटी पी-2 ची. लहान मुलांत या वाटीत वाढीची कूर्चा असते, हाडं इवलीशी, आणि आज बसवलेला कृत्रिम सांधा उद्या अपुरा पडणार. मग काही ठिकाणी काढलेलंच हाड साफ करून, त्याला शरीराबाहेर एकाच बैठकीत 50 ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक) रेडिएशन देऊन परत बसवतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये हे झालेलं आहे. नाहीतर मांडीचं हाड वर सरकवून तसंच ठेवतात. पाय आखूड होतो, बुटाला जाड तळ लागतो, पण आत धातू नसल्याने जंतुसंसर्गाची धास्ती कमी. मला हा साधा मार्ग उगीच दुर्लक्षिलेला वाटतो.

एक्स्टर्नलनंतर कृत्रिम पाय बांधायला खुंटच नसतो, तो धडाला बांधावा लागतो. बरीच मुलं तो बाजूला ठेवून कुबड्यांवरच सुसाट पळतात. नसलेला पाय दुखतो, ही तक्रार मात्र खरी असते.

युइंग सार्कोमा आणि ऑस्टिओसार्कोमा हे हाडाच्या कर्करोगाचे दोन प्रकार. युइंग सार्कोमात किमोनंतर शस्त्रक्रियेऐवजी रेडिएशनचाही विचार होतो. ऑस्टिओसार्कोमा रेडिएशनला सहसा दाद देत नाही, तिथे गाठ पूर्ण निघणंच महत्त्वाचं. आणि बायप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा सुईने काढून तपासणं? सुईचा मार्गही गाठीबरोबर काढावा लागतो. सुई भलत्या जागी घातली, तर वाचू शकणारा पायही गमवावा लागू शकतो. म्हणून ती पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करावी, शक्यतो त्याच रुग्णालयात.