पार्श्वभूमी : परमिट रूम आणि पाजणाऱ्याची जबाबदारी

अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेला तो पुण्याच्या कल्याणीनगरमधला १९ मे २०२४ चा अपघात, ती गाडी आणि जामिनासोबत मुलाला लिहायला सांगितलेला ३०० शब्दांचा निबंध यांची उजळणी इथे नको. त्या गदारोळात एक गोष्ट मात्र मागे पडली. सुरुवातीलाच ज्यांना अटक झाली, त्यांत तो मुलगा त्या रात्री जिथे प्यायला बसला होता त्या दोन हॉटेलांशी संबंधित मालक-व्यवस्थापक मंडळीही होती. गाडी त्यांची नव्हती आणि अपघाताच्या जागी ते नव्हतेही. दारू पाजली म्हणून आत जाण्याची वेळ बारवाल्यांवर आपल्याकडे क्वचितच येते.

ही अटक दारूबंदी कायद्याच्या जोरावर झाली असा अनेकांचा समज आहे. खरा जोर होता तो २०१५ च्या बाल न्याय कायद्याचा. मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, असं त्याचं ७७ वं कलम सांगतं. गाडी चालवणारा तेव्हा सतरा वर्षांचा होता. तो अठरा पूर्ण असता, तर तीच हॉटेलं, तेच टेबल आणि पोलिसांनी सांगितलेलं तेच ४८ हजारांचं बिल असूनही हे कलम लागलं नसतं. मग उरला असता फक्त दारूबंदी कायदा, आणि तिथून गुंता सुरू होतो.

मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा होता. त्याची नजर महसुलावर होती. पुढे १९३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबई शहरात दारूबंदी आली आणि १९४९ मध्ये आजही लागू असलेला दारूबंदी कायदा झाला. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातली काही कलमं उडवली, पण बाकीचा कायदा टिकला. तो नंतरही कुणी रद्द केला नाही, नुसता सैल केला. त्यामुळे महाराष्ट्रात कागदोपत्री आजही दारूबंदीच आहे आणि पिणारा प्रत्येक जण अपवाद आहे. हा अपवाद म्हणजे परमिट. विदेशी मद्याचं एका दिवसाचं पाच रुपयांत, देशीचं दोन रुपयांत, वर्षाचं शंभर रुपयांत आणि तहहयात हजार रुपयांत, असे त्याचे दर वर्षानुवर्षं सांगितले जातात. परमिटाचं कारण काय, तर आरोग्य राखणं! रात्री अकराला चौथा पेग मागवणाऱ्यालाही कायदा आजाऱ्याच्याच रांगेत बसवतो.

‘परमिट रूम’ हे नाव यातूनच आलं. ज्याच्याकडे परमिट आहे त्याने बसून प्यायची खोली, एवढाच त्याचा अर्थ. पण सरकारी मराठीत बारमालकाकडे असते ती ‘अनुज्ञप्ती’ आणि पिणाऱ्याकडे असतो तो ‘परवाना’. ‘अनुज्ञप्ती’ हा शब्द कुणाच्या तोंडी बसला नाही, म्हणून बोलताना आणि बातम्यांतही दोन्हीला परवानाच म्हणतात. ‘विनापरवाना मद्यपान’ असा मथळा वाचला की बार बेकायदा होता की गिऱ्हाइकाकडे पाच रुपयांचा कागद नव्हता, हे शेवटच्या ओळीपर्यंत कळत नाही. हा घोळ नुसता भाषेचा असता तर हसून सोडून देता आला असता. पण कायद्याची रचनाच अशी की पिण्याची मुभा गिऱ्हाइकाच्या नावावर असते, म्हणून पिण्याचं ओझंही त्याच्याच डोक्यावर येतं. बारवाला उरतो कागद तपासणारा कारकून. आणि हा कागद बहुतेक ठिकाणी तोच गल्ल्यावरच्या पुस्तकातून फाडून देतो. कधी देतो, कधी नुसता हिशेबाला लावतो. आपण कितीदा बसलो आणि कितीदा परमिट हातात आलं, हे ज्याने त्याने आठवावं.

त्यात वयाचा आकडा आहे. बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५. २०११ च्या व्यसनमुक्ती धोरणाने हा पंचविशीचा आकडा चर्चेत आणला. चेष्टाही झाली ती याचीच : मत अठराव्या वर्षी, मुलाचं लग्न एकविसाव्या वर्षी आणि व्हिस्की त्याच्यानंतर चार वर्षांनी. शेजारच्या गोव्यात ही मर्यादा सरसकट २१ आहे. नियम असा असला की कुणी पाळत नाही, आणि एखादा अपघात घडला की तोच नियम बारवाल्याच्या गळ्यात अडकवला जातो. मधल्या काळात तपासणी कुणी करायची होती, हा प्रश्न त्या घाईत विचारलाच जात नाही.

पाजणाऱ्याला दुसऱ्या बाजूने धरण्याचा प्रयत्न डिसेंबर २०१६ मध्ये झाला. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. १ एप्रिल २०१७ ची मुदत होती. आदल्याच दिवशी वीस हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावांसाठी अंतर २२० मीटरवर आलं आणि जुलैत शहरांच्या हद्दीतले रस्ते जवळपास सुटले. तोवर कुठे महामार्गाचं नाव बदलून साधा रस्ता झाला होता, तर केरळातल्या एका बारने आवारात चक्रव्यूहासारखी वाट काढून मीटर भरून काढले होते. गिऱ्हाइक किती प्यालंय आणि चावी कुणाच्या खिशात आहे, हे या सगळ्या मोजणीत कुठेच नव्हतं.

इतर देशांत हेच मोजलं जातं. इंग्लंडच्या १८७२ च्या कायद्यातच झिंगलेल्याला दारू विकणाऱ्या दुकानदाराला शिक्षा होती. कॅनडातल्या एका हॉटेलने नेहमीच्या गिऱ्हाइकाला भरपूर पाजून रात्री बाहेर काढलं. तो महामार्गाच्या कडेने चालत निघाला आणि त्याला गाडीने उडवलं. १९७३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोषाचे तीन सारखे वाटे कायम केले : एक गाडीवाल्याचा, एक पिणाऱ्याचा आणि एक हॉटेलचा. आपल्याकडे अपघाताचा दावा न्यायाधिकरणापुढे जातो, तेव्हा समोर असतात चालक, गाडीमालक आणि विमा कंपनी. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य निघालं तर चालक दोषी. ते तिथवर नेणारा बार त्या दाव्यात सहसा नसतोच.

कल्याणीनगरनंतर दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा ७ जुलै २०२४ ला वरळीत मासळी घेऊन घरी निघालेल्या जोडप्याच्या दुचाकीला गाडीने धडक दिली आणि बाई गेली. चालक अठराच्या पुढचा, पण पंचविशीच्या आतला. म्हणजे बाल न्याय कायदा बाद. आधी तो जुहूच्या ज्या बारमध्ये बसला होता, त्यावर राज्य उत्पादन शुल्क खात्याने कारवाई केली ती पंचविशीच्या आतल्याला कडक दारू दिली म्हणून. बारचं म्हणणं होतं की दाखवलेल्या ओळखपत्रावर वय २७ होतं. पाठोपाठ पालिकेची माणसं हातोडे घेऊन आली आणि बारचा अनधिकृत भाग पाडून गेली. पुण्यातही अपघातानंतर पबांच्या वाढीव शेडवर असाच बुलडोझर फिरला होता. त्या शेडमध्ये कुणाला किती पाजलं, हे पाडण्याच्या नोटिशीत लिहायचं कारण नव्हतं.